गोदावरीच्या मोठ्या पात्रात बासच्या तंत्राने मरळ लागेल का?

प्रश्न : गंगाथडी_गंगाखेड

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडचा रहिवासी असून गेली चार वर्षे हौस म्हणून गळ टाकतो. सुरुवातीची तीन वर्षे गावाजवळच्या पाझर तलावावर तंगूस, शिशाची गोळी आणि गांडूळ एवढ्याच भांडवलावर चिलापी काढण्यात गेली आणि त्यात माझे समाधानही होते. नंतर अमेरिकेतील बास माशाच्या शिकारीचे व्हिडिओ पाहण्याची सवय लागली. एवढ्या मोठ्या नद्यांमध्ये ती मंडळी नेमकी जागा हेरून मासा काढतात, तर आपल्या दारातल्या गंगेत मरळ का निघू नये, या विचाराने दिवाळीत मी सात फुटांचा रॉड, स्पिनिंग रील, तीस पौंडांची ब्रेडेड दोरी आणि रबरी बेडकांची अर्धा डझन ल्यूर (म्हणजे खोटी आमिषे) घेतली.

तेव्हापासून अकरा फेऱ्या झाल्या आहेत. प्रत्येक फेरीची नोंद वहीत असल्यामुळे आकडा चुकीचा नाही. या अकरा फेऱ्यांत मला दोन चिलाप्या मिळाल्या, त्याही तोंडाला नव्हे तर पोटाला गळ अडकून, आणि एक बेडूक बेशरमीच्या झुडपात कायमचा राहिला. मरळ एकही नाही.

मी पहाटे सहाच्या सुमारास जातो, कारण सर्व व्हिडिओंत उजाडतानाची वेळ उत्तम सांगितलेली असते. जागा म्हणाल तर रेल्वे पुलाचे खांब, त्याखालची खडकाळ धार आणि पलीकडे वाळूची जीभ पाण्यात शिरलेली आहे तेथील कडा. धारेच्या कडेला, जेथे वेगाचे आणि संथ पाणी एकमेकांना घासून जाते, तेथे बेडूक टाकून मी सावकाश ओढतो. व्हिडिओत नेमके असेच करतात.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. डिसेंबरात एकदा त्या वाळूच्या जिभेवर उभा असताना पाऊस नसताना पाणी घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढले आणि परतीची वाट बुडाली. वरून कोठून तरी पाणी सोडले होते, हे नंतर समजले. त्या दिवसापासून घरच्यांचा विरोध वाढला आहे. तेव्हा माझी चूक जागेत आहे, वेळेत आहे की ल्यूरमध्ये, आणि एवढ्या रुंद पात्रात मुळात सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : डोहकाठ (नांदेड)

आपला प्रश्न वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. आपली चूक तिन्ही ठिकाणी आहे, परंतु ल्यूरची सर्वांत कमी, त्यामुळे खर्च वाया गेला असे समजू नका.

आधी नदीविषयी लिहितो. १,४६५ किलोमीटर लांबीची गोदावरी एकच अखंड वाहता प्रवाह आहे, हे चित्र पैठणच्या खाली पावसाळ्याचे दिवस सोडले तर खरे राहिलेले नाही. जायकवाडीच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर असे बंधारे लागत जातात, नांदेडला विष्णुपुरी आहे आणि धर्माबाद तालुक्यात बाभळी. पावसाळा संपून दरवाजे बंद झाले की आपल्यासमोर जे असते ते एकामागे एक ठेवलेल्या लांबट तळ्यांसारखे पाणी असते आणि दोन तळ्यांच्या मध्ये कोठे खडकाळ, कोठे वाळूचा उथळ पट्टा असतो. तेव्हा कोणत्याही ठिकाणी गळ टाकण्यापूर्वी आपण बंधाऱ्याच्या फुगवट्यात उभे आहोत की बंधाऱ्याखालच्या उघड्या पट्ट्यात, हे स्वतःला विचारावे. रेल्वे पुलाखालची ती धार दुसऱ्या प्रकारात मोडते आणि मरळीला ती जागा मुळीच मानवत नाही.

मरळ हवा घेणारा मासा आहे. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवणारे कप्पे असतात आणि थोड्या थोड्या वेळाने तिला पृष्ठभागावर येऊन घोट घ्यावाच लागतो. जोराच्या धारेत सतत वर-खाली करण्यात तिची शक्ती वाया जाते. त्यामुळे ती संथ, उबदार आणि आडोसा असलेल्या पाण्यात राहते, मग ते पाणी कमरेइतके उथळ का असेना. एवढ्या रुंद पात्राकडे पाहून आपण दबून जातो, परंतु मरळीच्या दृष्टीने त्या पात्राचा बहुतेक भाग निरुपयोगी असतो. ओढा किंवा नाला नदीला मिळतो तेथील मागे तुंबलेले पाणी, पुरात तुटून वेगळा पडलेला जुना फाटा, पाणकणसाची बेटे, जलपर्णी काठाला अडकून तिच्याखाली सावली झाली आहे ती जागा, बुडालेली बाभूळ, एवढेच शोधा. दोन किलोमीटर काठ चालून असा एकच कोपरा सापडला तरी सकाळ सार्थकी लागली असे समजा.

आता वेळ. पहाटेचा सल्ला उन्हाळ्यासाठी आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते आणि सकाळी सहाला उथळ पाणी हाताला बोचते. अशा पाण्यात मरळ तळाशी किंवा गवताच्या मुळाशी सुस्त पडून असते आणि वरून सरकणाऱ्या बेडकासाठी उठण्याचे कष्ट घेत नाही. हिवाळ्यात मी घरून जेवूनच निघतो. साडेदहा ते एकपर्यंत, ऊन थेट पडलेल्या उथळ काठावर आणि वारा पडलेला असताना. वारा असेल तर मरळ उठलेली दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, आणि माझ्या मते तिची निम्मी शिकार कानाने होते. संथ पाण्यात ती घोट घेते तेव्हा टाळूला जीभ लावून सोडल्यासारखा ‘टप्प’ असा आवाज होतो, एक वर्तुळ पसरते आणि मागे एखाद-दुसरा बुडबुडा राहतो. त्या वर्तुळाच्या मध्यावर बेडूक आदळू नका, कारण ती दचकून निघून जाते. तीन-चार हात पलीकडे टाकून वर्तुळाच्या कडेवरून आणा, मध्येच थांबवा, दोरी किंचित हलवून पुन्हा थांबवा.

पाणी चढण्याबद्दल मात्र मी कडक शब्दांत लिहितो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, तेव्हा दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून अधिक पाणी. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत आणि भरल्या धरणातून सुटणारे पाणी याच्या कित्येक पटींनी असू शकते. वरच्या बंधाऱ्यांची परिस्थिती, धरणाची फुटांतली पातळी आणि विसर्गाचा आकडा वर्तमानपत्रांत येत असतो, तो पाहिल्याशिवाय पात्रात उतरू नये. वाळूच्या जिभेवर तर एरवीही उभे राहू नये. वाळू उपशाने तयार झालेले खड्डे वरून दिसत नाहीत, दोन पावलांवर गुडघाभर पाण्याचे डोक्यावर पाणी होते आणि कडा पायाखालून ढासळते. मरळ काठालाच असते, म्हणून तिच्यासाठी पात्रात शिरण्याचे कारणही नाही.

उत्तर २ : सस्क्वेहाना_ते_सिंदफणा (माजलगाव)

डोहकाठ यांनी नदीचे सांगितले, मी व्हिडिओंचे सांगतो. नोकरीनिमित्त नऊ वर्षे मी पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला होतो आणि तेथील सस्क्वेहाना नदीवर बासच्या मागे अनेक रविवार घालवले आहेत.

प्रश्नकर्त्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी की, ‘बास’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे मासे येतात. लार्जमाउथ बासचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला असतो, तो संथ पाण्यात गवताच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि रबरी बेडूक हे मुख्यतः त्याच्यासाठी बनवलेले ल्यूर आहे. स्मॉलमाउथ बास मात्र गार, वाहत्या, खडकाळ पाण्यातला. मोठ्या अवघड नद्यांवरचे जे व्हिडिओ आपण पाहिलेत, त्यांपैकी पुष्कळसे याच्या मागावरचे असतात. तो खडकाच्या मागे, धारेच्या कडेला उभा राहतो आणि वाहत येणारे भक्ष्य टिपतो. आपण जागा निवडली स्मॉलमाउथची, ल्यूर निवडले लार्जमाउथचे आणि मासा अपेक्षिला मरळ. अकरा फेऱ्या रिकाम्या गेल्या यात नवल नाही, उलट दोन चिलाप्या मिळाल्या याचेच मला आश्चर्य वाटते.

सस्क्वेहाना सुमारे ७१५ किलोमीटर लांब आहे आणि हॅरिसबर्गजवळ तिचे पात्र एक किलोमीटरहून रुंद, तरीही उन्हाळ्यात इतके उथळ की माणसे मांडीभर पाण्यात चालत गळ टाकतात. शहराच्या थोडे वर १९०२ साली बांधलेला ४८ कमानींचा दगडी रेल्वे पूल आहे. पहिल्या वर्षी मीही आपल्यासारखाच त्याच्या प्रत्येक खांबाला ल्यूर मारत फिरलो. तेथील एका वयस्कर शेजाऱ्याने मला काठावर बसवले आणि तासभर एकही फेक करू दिली नाही. पाण्यावर तरंगणारी पाने कोठे वेग घेतात, कोठे थबकतात आणि कोठे उलटी फिरतात, एवढेच पाहायला लावले. पाने थबकत होती अशा जागा त्या अवाढव्य पात्रात मोजून सात निघाल्या आणि पुढची वर्षे मी त्या सातांवरच काढली. हे पान पाहण्याचे तंत्र आपण गोदावरीवर जरूर वापरा, फक्त निष्कर्ष उलटा काढा. स्मॉलमाउथसाठी पान थबकते त्याच्या लगतची धार महत्त्वाची. मरळीसाठी पान थबकून तेथेच दिवसभर कुजते, ती जागा महत्त्वाची.

आणखी एक साम्य आहे. बासचा नर अंड्यांची राखण करतो आणि त्या काळात भुकेने नव्हे, तर रागाने ल्यूरवर तुटून पडतो. म्हणून पेनसिल्व्हेनियात वसंत ऋतूतील काही आठवडे पकडलेला बास तत्काळ सोडून द्यावा लागतो. मरळीत तर नर-मादी दोघेही पिल्लांची राखण करतात. पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी-तांबूस पिल्लांचा खळबळणारा गोळा दिसतो, त्याच्या खाली आई-बाप असतातच आणि त्यांना पकडणे अत्यंत सोपे असते. ते काढले तर तो संपूर्ण गोळा दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो. मी त्या काळात बेडकाची डबी घरीच ठेवतो.

उत्तर ३ : रिकामी_पिशवी (परभणी)

एवढे कष्ट घेण्यापेक्षा कोणी बासचेच बीज आणून एखाद्या तलावात का सोडत नाही? लढाऊ मासा आहे, हौशी लोकांची सोय होईल.

उत्तर ४ : सस्क्वेहाना_ते_सिंदफणा (माजलगाव)

कृपया हा विचार गमतीतही करू नये. जपानमध्ये १९२५ साली लार्जमाउथ बास असाच हौसेने एका सरोवरात सोडला गेला. तो पुढे देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला आणि शेवटी त्याला जिवंत नेण्या-सोडण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. विनोद असा की उलट दिशेनेही हेच घडले आहे. आपल्या मोठ्या मरळीची सख्खी बहीण म्हणावी अशी जात २००० साली फ्लोरिडाच्या कालव्यांत आढळली, आता तेथे ती स्थिरावली आहे आणि तेथील हौशी मंडळी बासच्याच रॉडने, बासच्याच ल्यूरने तिची शिकार करतात. तेव्हा प्रश्नकर्त्यांच्या साहित्यात काही उणे नाही, याचा हा पुरावाच समजा.

उत्तर ५ : नाथसागर_भोई (पैठण)

आमचा पिढीजात धंदा मासेमारीचा आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

पहिली गोष्ट परवानगीची. धरणे आणि तलाव यांतील मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. त्या पाण्यातील बीज संस्थेने पैसे देऊन सोडलेले असते. हौशी माणसाने आधी येऊन विचारले तर आमच्यातील बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, चहाही पाजतात. न विचारता मांडलेल्या जाळ्यावरून ल्यूर ओढले आणि तिहेरी गळ जाळ्यात गुंतला की जाळे फाटते, आणि ते शिवण्यात आमचा एक दिवस जातो. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेथे वन खात्याच्या परवानगीशिवाय हौसेखातर शिरू नये.

दुसरी गोष्ट, ती पुलाखालची धार आणि तिच्या खालचा डोह सोडून देऊ नका. तेथे मरळ नसेल, पण शिवडा आणि शिंगाळा असू शकतो. शिवडा दिवसा डोहात दडून राहतो आणि अंधारू लागले की डोहाच्या तोंडाशी उथळावर शिकारीला येतो. त्याला रबरी बेडूक नको, जिवंत किंवा ताजा लहान मासा लावा, शिसे तळाला टेकू द्या आणि गळाच्या वर वीतभर तारेचा तुकडा बांधा, कारण त्याच्या जबड्यातील बारीक दातांच्या पट्ट्या दोरी कानशीने घासल्यासारखी कापतात. शिंगाळा लागला तर हाताने धरू नये. छातीजवळचे दोन आणि पाठीवरचा एक काटा तो ताठ उभे करतो आणि तो काटा तळहातात शिरला की रात्रभर ठणका लागतो. जाड ओले पोते टाकूनच त्याला उचलावे. अंधार पडण्यापूर्वी काठ सोडावा, एकट्याने तर जाऊच नये.

तिसरी गोष्ट बाभळीच्या बाजूची, कोणाला तिकडे जायचे असेल तर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. त्या काळात तेथे बांधीव पाणी नसते, नदी आपल्या मूळ वेगाने धावते. दरवाजे बंद झाल्यावर पाणी हळूहळू चढते आणि काठचे गवत बुडते. नवे गवत बुडाल्यावर तीन-चार आठवड्यांनी मरळ त्यात शिरते असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता : गंगाथडी_गंगाखेड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या दोन रविवारांचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या रविवारी रॉड घरी ठेवून फक्त काठ चाललो. गावापासून वरच्या अंगाला एक नाला नदीला मिळतो, त्याचे तोंड गाळाने अर्धे बुजले असून मागे साधारण दोन गुंठ्यांचे संथ पाणी तुंबले आहे. एका बाजूला पाणकणीस, दुसऱ्या बाजूला जलपर्णीचा पट्टा आणि मध्ये न हलणारा पाचोळा. या जागेवरून मी निदान वीस वेळा मोटारसायकलने गेलो असेन आणि ते डबके आहे असे समजून कधी थांबलो नव्हतो. अकरा वाजता तेथे बसलो. पाऊण तासात डोहकाठ यांनी वर्णन केलेला तो आवाज चार वेळा ऐकला.

दुसऱ्या रविवारी, जवळच जाळे लावणाऱ्या गृहस्थांना विचारून, साडेअकराला पहिली फेक केली. तिसऱ्या फेकीला जलपर्णीच्या कडेला बेडूक थांबवलेला असताना त्याच्याखालचे पाणी फुगले आणि बेडूक नाहीसा झाला. मी त्याच क्षणी पूर्ण जोराने हिसका दिला. बेडूक सुटून थेट माझ्या टोपीवर येऊन आदळला. त्याच्या रबरी पाठीवर कंगव्याने ओरखडल्यासारख्या दोन रांगा उमटल्या होत्या. त्यानंतर तासभर सर्व शांत होते. साडेबाराला पाणकणसाच्या बाजूला पुन्हा तसेच झाले, या वेळी स्वतःला बळेच आवरून मी ‘विठ्ठल, विठ्ठल’ असे दोनदा म्हटले, दोरी ताणली गेल्याचे जाणवले आणि मग रॉड उचलला. मरळ तीन विती आणि चार बोटे भरली. काठावर ओल्या पोत्यात गुंडाळली असता घरी पोहोचेपर्यंत ती जिवंत होती. विरोध करणाऱ्या मंडळींनीच रस्सा केला, त्यामुळे तो विषय तूर्त मिटला आहे.

आता एकच शंका उरली आहे. पंधरा-वीस फेकींनंतर बेडूक जड होऊन अर्धा बुडू लागतो आणि सरळ चालण्याऐवजी कुशीवर वळतो. ल्यूर खराब निघाले असावे काय?

उत्तर ६ : डोहकाठ (नांदेड)

अभिनंदन. ल्यूर खराब नाही, त्याच्या पोटात पाणी शिरले आहे. गळाची दांडी जेथून शरीराबाहेर येते, तेथे बारीक फट असते आणि मरळीच्या दातांनी पडलेली छिद्रे त्यात भर घालतात. दर सात-आठ फेकींनी बेडूक चिमटीत धरून, शेपटीकडची बाजू खाली करून दाबावा, पाण्याची चिळकांडी उडेल. घरी आल्यावर तो पूर्ण वाळू द्यावा आणि पाठीवरची छिद्रे फेव्हिक्विकच्या थेंबाने बुजवावीत. दांडीजवळची फट मात्र बुजवू नये, कारण मरळीने चावा घेतल्यावर त्या वाटेनेच आतील हवा निघून बेडूक चपटा होतो आणि गळाची टोके उघडी पडतात.